पाण्याखालचे फोटो हिरवट-निळे येतात? पांढरी पाटी सोबत न्या

तारकर्ली-मालवणला स्कूबा करताना काढलेल्या फोटोंत प्रवाळ, मासे सगळेच हिरवट दिसतात, कारण पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. त्यावर उपाय म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकची छोटी पाटी.

१. कॅमेऱ्यातला कस्टम व्हाइट बॅलन्स (पांढरी वस्तू दाखवून कॅमेऱ्याला ‘पांढरा म्हणजे हा’ असं सांगायचं सेटिंग) किनाऱ्यावरच शोधून ठेवा.

२. खाली गेल्यावर सूर्य पाठीशी घ्या, फ्लॅश बंद करा, पाटीने पूर्ण फ्रेम भरा आणि सेटिंग घ्या.

३. दोन-तीन मीटर वर-खाली झालात की सेटिंग पुन्हा घ्या. नेमकं हेच लोक टाळतात आणि अर्धे फोटो बिघडतात.

शक्य असेल तर फोटो रॉमध्येच (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, जिचे रंग नंतरही सुधारता येतात) काढा.

फ्लॅश वापरायचा असेल, तर आधी हे पाटीवरून घेतलेलं सेटिंग बंद करा. नाहीतर जवळचे मासे लालभडक येतील.