गट हेल्थच्या (म्हणजे आतड्याच्या आरोग्याच्या) नादात पोट फुगलंय? या चुका टाळा

गेल्या वर्षी मी सोमवारपासून एकदम हेल्दी व्हायचं ठरवलं, डब्यात पोळी-भात बंद आणि वाट्या भरभरून राजमा नि मटकीची उसळ, आणि बुधवारी ठाणे ते दादर फास्ट लोकलमध्ये जे हाल झाले ते सांगण्यासारखे नाहीत. चूक राजम्याची नाही, घाईची. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या तोडायचं एन्झाइम आपल्याकडे नसतंच, मग त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले बॅक्टेरिया त्यावर ताव मारून हायड्रोजनसारखे गॅस काढतात. म्हणून पाव वाटीपासून सुरुवात करा, कडधान्य रात्रभर भिजवा, पाणी फेका आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

दुसरी चूक जिमवाल्यांची, शेक-अंडी-चिकन आणि भाजी नावाला. बॅक्टेरियांना फायबर मिळालं तर ते ब्युटिरेट नावाचं एक फॅटी अ‍ॅसिड बनवतात, मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची सुमारे 70 टक्के एनर्जी त्यातूनच येते. फायबर संपलं की तेच बॅक्टेरिया उरलेल्या प्रोटीनकडे वळतात, त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड (कुजक्या अंड्याचा वास, कळलं ना?), आणि काही बॅक्टेरिया तर चक्क आतड्यावरचा म्युकसचा (चिकट स्रावाचा) थर खायला घेतात. शेक सोडू नका हो, सोबत उसळ, गवार, पेरू येऊ द्या. डब्ल्यूएचओ मोठ्यांना दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सांगते, नुसत्या वडापाववर ते होणार नाही.

काही जण कढी पितात आणि म्हणतात प्रोबायोटिक (पोटाला चांगले जिवंत बॅक्टेरिया) झालं. अहो, उकळल्यावर ताकातले बॅक्टेरिया मेले, आता ती फक्त कढी. चांगलीच लागते, पण साधं ताक वेगळं प्या.

फोडणीच्या भाताचं मात्र मला कौतुक आहे. भात गार झाला की त्यातला थोडा स्टार्च रेझिस्टंट होतो, लहान आतड्यात पचत नाही आणि बॅक्टेरियांच्या वाट्याला जातो, परत गरम केला तरी बराचसा टिकतो. पण मुंबईच्या उकाड्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, बॅसिलस सेरियस हा बॅक्टेरिया वाढतो आणि त्याचं विष गरम करूनही जात नाही. तासाभरात फ्रीजमध्ये.

एवढं करूनही फुगतंय? मग कांदा-लसणातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकावर संशय घ्या, दोन आठवडे कमी करून बघा. शौचातून रक्त किंवा वजन उगाच उतरतंय असं असेल तर मात्र घरचे प्रयोग बंद, सरळ डॉक्टर गाठा.