नायलॉन-पीपी ब्लेंडमध्ये नॅनोक्ले घालताय? या चुका टाळा

८० टक्के नायलॉन-६, २० टक्के पॉलिप्रॉपिलीन (पीपी), त्यात ५ टक्के ऑर्गेनोक्ले, म्हणजे सेंद्रिय लेप दिलेली, अतिसूक्ष्म पापुद्र्यांची माती (नॅनोक्ले). एसईएमच्या (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत पीपीचे थेंब बारीक झालेले दिसले की 'क्लेमुळे दोन्ही पॉलिमर जुळले' असं लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात मोठी चूक. तोच फोटो मोठा करून पाहा. थेंब निसटून गेलेले गोल खळगे दिसतील. त्यांच्या भिंती गुळगुळीत असतील, तर दोन्हींत पकड आलेलीच नाही. क्ले बहुतेक नायलॉनमध्येच राहते. तिचे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत, म्हणून ते बारीक राहतात, इतकंच. पकड हवी असेल तर दोन्हींना सांधणारं, मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं पीपी घाला.

प्रमाण उलटं केलं, म्हणजे पीपी जास्त आणि नायलॉनचे थेंब, तर हीच क्ले थेंबांच्या आत शिरते. ते घट्ट होतात, सहज फुटत नाहीत, वेडेवाकडे दिसतात. म्हणून आधी क्ले कुठे बसली ते टीईएममध्ये (आरपार पाहणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) शोधा, मग बाकीचं बोला. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी क्लेच्या थरांमधलं अंतर मोजणाऱ्या चाचणीत) शिखर दिसलं नाही म्हणून पापुद्रे सुटे झाले, असं मानू नका. क्ले कमी असली किंवा थर विस्कटले तरी शिखर हरवतं.

प्रवाहाबाबत एमएफआयच्या (वितळलेला पॉलिमर किती सहज वाहतो, त्या निर्देशांकाच्या) एका आकड्यावर विसंबू नका. क्लेचं जाळं संथ हालचालीत जाणवतं, त्यामुळे रिओमीटरवर (वितळलेलं मिश्रण हेलकावून त्याचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर) कमी फ्रीक्वेन्सीपर्यंत जा. तिथे स्टोरेज मॉड्युलसची (लवचिकतेच्या मापाची) रेषा आडवी व्हायला लागली तरी 'जाळं झालं' म्हणायची घाई नको. नुसत्या ब्लेंडमध्येही थेंबांचा आकार पूर्ववत होताना तिथे फुगवटा येतो. क्लेविना ब्लेंडचा नमुना शेजारी हवाच, आणि तोही एक्स्ट्रूडरमधून (वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातून) तितक्याच वेळा गेलेला.

क्ले घातल्यावर मेल्ट (वितळलेला ब्लेंड) उलट पातळ झाला? नायलॉन ओलं होतं का ते आधी बघा. ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर वाळवा. तरीही तसंच झालं तर ऑर्गेनोक्लेवरच्या अमोनियम लेपावर संशय घ्या. तो साधारण २०० अंशांच्या आसपास तुटायला लागतो आणि नायलॉन तर २३० ते २४० अंशांवर चालतं.

आणि ५ टक्के ऑर्गेनोक्ले म्हणजे ५ टक्के माती नव्हे. पुष्कळ ग्रेडमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास हा लेपच असतो. थोडे ग्रॅन्यूल मफल फर्नेसमध्ये जाळा, उरलेली राख तोला आणि तक्त्यात तो आकडा लिहा.