४२९४९६७२९७ मूळ संख्या आहे का? तपासताना या चुका टाळा

दिसायला मोबाईल नंबरसारखी दहा आकडी, चार अब्ज एकोणतीस कोटींच्या वर. २ चा ३२ वा घात अधिक १. गणितज्ञ फर्माला अशाच (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या सापडल्या म्हणून ही पुढचीही मूळच असणार असं त्याला वाटलं, आणि १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचे अवयव काढून दाखवले. मला ही संख्या फार आवडते, म्हणून ती चुकीची तपासलेली बघवत नाही.

आधी संख्या तरी नीट टाइप करा. ३२ म्हणजे २ चा पाचवा घात, म्हणून बरेच जण एक्सेलमध्ये २^२^५ टाकतात आणि १०२४ येतं, कारण एक्सेल डावीकडून सोडवत जातं, कंस लागतोच, २^(२^५). पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तर ^ म्हणजे घातच नाही, २^३२ चं उत्तर ३४ येतं, तिथे ** वापरा. आणि सी भाषेत ३२ बिटच्या अनसाइन्ड इंटमध्ये (ऋण नसलेल्या पूर्णांकांसाठीची जागा) ही संख्या कोंबली तर चक्क १ उरतो, ६४ बिटचंच घ्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मधेच सोडून देणं. शेवटी ७ आहे म्हणजे २ आणि ५ गेले, अंकांची बेरीज ५९ म्हणजे ३ गेला, ७, ११, १३ नेही भाग जात नाही, मग माणूस कंटाळतो आणि मूळ आहे म्हणून मोकळा होतो. अहो, वर्गमूळ ६५५३६ च्या जरासं वर आहे, तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत! पण सगळ्या लावत बसायचीही गरज नाही, कारण ऑयलरने दाखवलं की हिचा मूळ अवयव असलाच तर तो ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१, पाचव्याच भागाकाराला बाकी शून्य. भागाकार नकोसा वाटत असेल तर हे बघा, ६४१ म्हणजे ५×१२८+१, आणि ६४१ म्हणजेच ६२५+१६, या दोन ओळींवरून कागदावर चार पायऱ्यांत सिद्ध होतं, एकदा स्वतः करून बघाच.

फर्माची कसोटी, म्हणजे एखाद्या आकड्याचा (संख्या वजा १) वा घात संख्येने भागून बाकी १ येते का बघणं, २ घेऊन लावू नका, बाकी १ येते आणि संख्या मूळ असल्यासारखी वाटते. ३ घेऊन लावा, लगेच पकडली जाते.

आणि ६४१ सापडला की थांबू नका, उरलेला ६७००४१७ पण तपासायचा असतो. त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आधीचे चार बाद झालेलेच आहेत, त्यामुळे ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३ एवढेच सात लावायचे. एकानेही भाग जात नाही, म्हणजे तो मूळ, आणि आपल्या संख्येचे विभाजक एकूण चारच.