फ्लाइट सिम्युलेटरसाठी पीसी जोडताय? कार्डाच्या आधी प्रोसेसर बघा

कोल्हापुरात राजारामपुरीत गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं की ठरलेला कागद हातात पडतोय, मधला प्रोसेसर, बजेटात बसंल तेवढं मोठं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबीची एकच रॅम आणि काचेचं लाइटवालं कॅबिनेट. शूटिंगच्या गेमला हे चालून जातंय. पण मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन १२ सारखं विमान उडवायचं सिम (सिम्युलेटर) खेळायचं असंल तर पैसे दुसरीकडं घालायला लागतात भावांनो.

का, तर विमानाची गणितं, कॉकपिटमधले डिस्प्ले, एअरपोर्टवरचं ट्रॅफिक, लांबपर्यंतची जमीन उभी करणं, ह्यातलं बरंच काम प्रोसेसरच्या एका मेन थ्रेडवर (एकामागनं एक चालणाऱ्या मुख्य कामाच्या रांगेवर) येऊन पडतंय. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या व्हर्जनमध्ये ते जास्त कोरांवर (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर) वाटलंय, तरी मेन थ्रेड अडला की सगळंच अडतंय. म्हणून कोर मोजत बसू नका, कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, लै फास्ट मेमरी) बघा. एएमडी कंपनीच्या रायझनचे एक्स३डी (जादा कॅशे) वाले प्रोसेसर सिमवाले उगच मागत नाहीत, ७८००एक्स३डी ला ९६ एमबी एल३ कॅशे आहे आणि सिमला तो लै मानवतोय. घरी जुना बी४५० बोर्ड पडून असंल तर बायोस अपडेट करून ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी बसतोय (आधी बोर्डाच्या कंपनीची लिस्ट बघा), बोर्ड-रॅमचा खर्च वाचला.

पीसी आधीच असंल तर खरेदीच्या आधी टेस्ट घ्या. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये सेटिंगमधनं डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्याचा) चौकोन लावा, त्यात फ्रेम मेन थ्रेडमुळं अडलीय का जीपीयूमुळं (ग्राफिक्स कार्डमुळं) ते लिहूनच येतंय. आणि टेस्ट उजळाईवाडीवर (आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर) घेऊ नका हं, २५ नंबर रनवेवरनं छोटं सेस्ना उचलून पन्हाळा-जोतिबाकडं वळलं की कुठला बी पीसी शहाणा वाटतोय. मोठं एअरबस घेऊन मुंबईला उतरवा, ट्रॅफिक चालू ठेवून. तिथं झटके बसायला लागले की रिझोल्यूशन कमी करून बघा, एफपीएस हललाच नाही तर नवीन कार्ड घेऊन काय बी फरक पडणार नाही, टेरेनचं लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती बारकाईनं दाखवायची ते) आणि ट्रॅफिक खाली आणा. एफपीएस वाढला तर मात्र कार्डच कमी पडतंय, मग ढगांचं सेटिंग उतरवून बघा.

कार्डात व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) बघा. ८ जीबीवर १०८० पी निघतंय, १४४० पी आणि वर ॲडऑन (वेगळी घातलेली विमानं, एअरपोर्ट) असतील तर १२ जीबीच्या खाली जाऊ नका, व्हीरॅम भरली की एकदम गचके बसतात. फ्रेम जनरेशननं (कार्ड मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतंय त्यानं) एफपीएसचा आकडा मोठा दिसतोय, सिममध्ये ते बऱ्यापैकी चालतंय पण, कारण इथं कुणाला पटकन गोळी घालायची नसतीय. मुळात ६० एफपीएसचा हट्टच कशाला, ३०-४० ला लॉक केलेलं स्थिर उड्डाण हे ९० वरनं २५ ला आपटणाऱ्यापेक्षा कधीही भारी.

रॅम ३२ जीबी, १६-१६ च्या दोन काड्या, एकच काडी दिली तर परत करा. डीडीआर५ असंल तर बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी चालू आहे का बघा, बऱ्याचदा पीसी जोडून देतात आणि ते बंदच ऱ्हातंय, रॅम कमी स्पीडवर पळत बसती. एनव्हीएमई एसएसडी घ्या, त्यानं लोडिंग लवकर होतंय, एफपीएस वाढंल म्हणून जास्त महागातली घेऊ नका. एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) नावाजलेल्या कंपनीचाच, आणि पावसाळ्यात आपल्याकडं लाइटचा खेळ चालतोय त्यामुळं यूपीएस पण बजेटातच धरा. लाइटवाल्या कॅबिनेटचे पैसे वाचवून जॉयस्टिक घ्या, दांडा पिळून रडर (विमानाचं शेपटाकडचं सुकाणू) चालणारा, म्हणजे वेगळं पेडल लागत नाही.

आणि नेट. २०२४ च्या व्हर्जनला जमीन, इमारती, बरंचसं उडता उडता सर्व्हरवरनं येतंय, मायक्रोसॉफ्ट किमान १० एमबीपीएस सांगतीय, चांगलं चालायला ५०. पुढं डोंगर मातीच्या गोळ्यासारखा दिसला तर कार्डाला शिव्या घालू नका, राउटरपासनं पीसीपर्यंत लॅन केबल ओढा, वायफायवर भरवसा नको.