बायबल आणि बुद्धवचनांची तुलना करताना या चुका टाळा

एकीकडे दीक्षाभूमी, दुसरीकडे ख्रिस्ती सेमिनरीच्या नावाने ओळखली जाणारी सेमिनरी हिल्स. नागपुरात बायबल वाचणारे आणि धम्मपद (बुद्धवचनांचा पाली गाथासंग्रह) वाचणारे एकाच वर्गात, एकाच ऑफिसात बसतात. त्यामुळे विहारातल्या धम्मचर्चेत, मंडळीच्या बायबल अभ्यासात किंवा कॉलेजच्या चर्चासत्रात ‘बुद्ध आणि येशू’ हा विषय निघतोच. विषय मोलाचा आहे, पण मांडणी बहुतेकदा एकाच जागी फसते. दोन्हीकडचं एकेक वचन उचलायचं, शेजारी लिहायचं आणि ‘बघा, सारखंच आहे’ किंवा ‘बघा, आमचं वरचढ आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. दोन्ही घाईचे निष्कर्ष आहेत. तपासायचं असतं ते वचनामागचं कारण.

सारखं वचन, वेगळं कारण

नेहमीची जोडी घ्या. धम्मपदाची ५वी गाथा: ‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं’. वैराने वैर कधी शमत नाही, अवैरानेच शमतं. आणि बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ५:४४, वैऱ्यांवर प्रीती करा. फळ्यावर दोन्ही लिहिली की लोक मान डोलावतात आणि चर्चा तिथेच संपते. इथे थांबू नका. प्रत्येक वचनाला एकच प्रश्न विचारा: का?

मत्तयात उत्तर लगेच पुढच्या वचनात आहे. म्हणजे तुम्ही स्वर्गातल्या पित्याचे पुत्र व्हाल. तो आपला सूर्य वाइटांवरही उगवतो आणि चांगल्यांवरही. प्रीतीचं कारण देवाच्या स्वभावात आहे. धम्मपदात कारण शोधायला मागे जावं लागतं. ३री आणि ४थी गाथा ‘त्याने मला शिवी दिली, मारलं, हरवलं, लुटलं’ हे मनात घोळवणाऱ्याबद्दल बोलतात: घोळवणाऱ्याचं वैर शमत नाही, सोडणाऱ्याचं शमतं. मन असंच चालतं, हेच कारण. त्यात कुणी पिता नाही, कुणाची आज्ञा नाही. दोन शेजारी ही दोन वचनं पाळून अगदी सारखे वागतील. पण राग आवरत नसेल तेव्हा एक देवाकडे बघेल, दुसरा आपल्या मनाकडे. तुलनेचं खरं काम इथून सुरू होतं. मत्तयातून देव काढून टाकला किंवा धम्मपदात घुसवला, तर समोर उरतो तो आपणच रचलेला तिसरा मजकूर.

कॅलेंडरवरचं वचन

संदर्भ तोडण्याची चूक दोन्हीकडे सारखीच होते. ख्रिस्ती घरांत भिंतीवर दिसणारं, जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत’, हे वाचणाऱ्याला आपल्या परीक्षेचं किंवा नोकरीचं आश्वासन वाटतं. हा अध्याय बाबेलमध्ये बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. १०व्या वचनात सुटकेसाठी ७० वर्षं सांगितली आहेत आणि ५व्यात तिथेच घरं बांधा, मळे लावा असं सांगितलं आहे. पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीच्या आधीच मरणार होते. हे कळल्यावर वचन कमी होत नाही, उलट जड होतं.

तसंच कालाम सुत्ताचं. अंगुत्तर निकाय या पाली संग्रहाच्या तिक निपातातलं, कालाम लोकांना दिलेलं हे सुत्त (बुद्धांचं प्रवचन) ‘बुद्ध म्हणाले, फक्त स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना’ असं सांगत बॅनरवर जातं. मूळ यादी १० गोष्टींची आहे. त्यात परंपरा, ऐकीव गोष्टी, ग्रंथ आहेत आणि निव्वळ तर्क, अनुमान, आपल्या मताशी जुळणं हेही आहे. म्हणजे नुसत्या तर्कावरही विसंबू नका, असं सुत्त स्पष्ट सांगतं. मग कसोटी कोणती? हे कर्म अकुशल आहे का, सुज्ञ लोक त्याला दोष देतात का, ते केल्याने अहित आणि दुःख होतं का. पुढे बुद्ध कालामांना लोभ, द्वेष आणि मोह यांबद्दल एकेक प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याकडूनच काढतात. हा प्रश्नोत्तराचा भाग वगळून कालाम सुत्त ‘श्रद्धा मागणाऱ्या’ बायबलच्या विरोधात उभं करणं म्हणजे अर्ध्या सुत्ताने वाद घालणं.

कोणता बौद्ध विचार, कोणता ख्रिस्ती?

हा प्रश्न आधी न विचारल्यामुळे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आणि सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या ४थ्या अध्यायातली हरवलेल्या मुलाची कथा ही जोडी अभ्यासाला फार चांगली आहे. पण सद्धर्मपुंडरीक हे महायान या बौद्ध परंपरेचं सूत्र आहे, थेरवादी परंपरेच्या पाली त्रिपिटकात (धर्मग्रंथांच्या संग्रहात) नाही. भिक्खू कुमारजीवाचा प्रसिद्ध चिनी अनुवाद इ.स. ४०६चा. ‘बौद्ध धर्म असं म्हणतो’ असं त्यावरून सरसकट बोलू नका.

आता दोन्ही कथा हळू वाचा. लूकमधला बाप मुलाला दुरून पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. झगा, अंगठी, जोडे, पोसलेलं वासरू, सगळं त्याच दिवशी. सूत्रातला मुलगा मात्र ५० वर्षांच्या भटकंतीनंतर बापाच्या दारात येतो आणि त्याला ओळखतही नाही. वैभव बघून घाबरून पळतो. बाप त्याला घाण उपसायच्या कामावर ठेवतो, स्वतः मळके कपडे घालून त्याच्याजवळ जातो, २० वर्षं त्याचं मन तयार होऊ देतो आणि मरणाच्या आधी सगळ्यांसमोर सांगतो, हा माझा मुलगा. एका कथेत क्षमा एका क्षणात मिळते, दुसरीत योग्यता सावकाश उमलते. आणि थोरला भाऊ फक्त लूकमध्ये आहे. तो का आहे, हे अध्यायाच्या पहिल्या २ वचनांत कळतं: येशू जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री (यहुद्यांमधले कडक धर्मनिष्ठ आणि नियमशास्त्राचे जाणकार) कुरकुरत होते. दाखला त्यांना उद्देशून आहे. अनेक प्रवचनांत नेमका हा भाऊच गळतो.

नागपुरात आणखी एक धागा जोडावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ला इथे जो धम्म स्वीकारला गेला, त्याची बाबासाहेबांनी स्वतःची मांडणी केली आहे. त्यांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेल्या वादामुळे. म्हणून इथल्या उपासकाला थेरवादी पुनर्जन्माची व्याख्या सांगून ‘तुमचा धर्म असा आहे’ म्हणू नका. ख्रिस्ती बाजूलाही कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंटमध्ये ६६, आणि परंपरेला किती वजन द्यायचं याबद्दल मतभेद.

बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे, हे बाबासाहेबांनी ठामपणे मांडलं आणि धम्मपदाची २७६वी गाथा त्याला आधार देते: प्रयत्न तुम्हीच करायचा, तथागत (बुद्ध) फक्त सांगणारे. फरक खरा आहे. पण त्यावरून ‘ख्रिस्ती माणसाला काही करायचंच नसतं’ असं म्हणू नका. नव्या करारातलं फिलिप्पै २:१२-१३ काढा. आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात कार्य करणारा देव आहे, अशी दोन्ही टोकं तिथे एकाच वाक्यात आहेत.

मोहरी आणि लडाख

प्रतिमा सारखी दिसली की अर्थ सारखा मानू नका. मूल गमावलेल्या किसा गोतमीला बुद्ध मोहरी आणायला सांगतात, ती मृत्यू न झालेल्या घरातून आणायची आहे आणि ती गोष्ट अट्ठकथेत (पाली ग्रंथांवरच्या टीकेत) येते. मत्तय १३ मधला मोहरीचा दाणा देवाच्या राज्याच्या वाढीबद्दल आहे. दोघांत समान आहे ते फक्त धान्य.

येशू लडाखच्या हेमिस या बौद्ध मठात शिकला, हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतो. तो रशियन लेखक निकोलस नोटोविच यांनी १८९४मध्ये छापलेला दावा आहे. पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस हे प्राध्यापक तो तपासायला हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी तो साफ नाकारला. खऱ्या देवाणघेवाणीचं उदाहरण हवं असेल तर बार्लाम आणि योसाफात यांची कथा घ्या. बुद्धचरित्र अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशा वाटेने ख्रिस्ती जगात पोहोचलं आणि तिथे संतचरित्र झालं. इथे या तिन्ही भाषांतली हस्तलिखितं दाखवता येतात.

बैठकीची तयारी

एका बैठकीला दोनच उतारे घ्या, प्रत्येकी १० ते २० वचनं किंवा गाथा. आधीचा आणि नंतरचा अध्याय सगळ्यांनी घरी वाचून यायचा. वहीत चार ओळी भरा: कोण बोलतोय, कुणाला, कोणत्या प्रसंगी, कारण काय देतोय. चौथी ओळ रिकामी राहिली तर त्या उताऱ्याची तुलना त्या दिवशी करू नका. मग लूकचा सारांश बौद्ध सदस्याने मांडावा आणि धम्मपदाचा ख्रिस्ती सदस्याने. ज्याचा ग्रंथ आहे तो ‘हो, आम्ही हेच मानतो’ म्हणेपर्यंत सारांश दुरुस्त करत राहा, आणि साम्य-फरकाचा कागद त्यानंतरच काढा.