नवरोजच्या हफ्त-सीनसाठी सब्जे कसा रुजवावा

इराणी नववर्ष, म्हणजे नवरोज, वसंतसंपाताच्या क्षणी, २० किंवा २१ मार्चला सुरू होतं. तेव्हा मांडायच्या हफ्त-सीनमध्ये, म्हणजे ‘सात स’च्या मांडणीत, फारसीत ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू असतात: सब्जे म्हणजे हिरवे कोंब, समनू म्हणजे गव्हाच्या मोडांचा घट्ट गोड हलवा, संजदची सुकी फळं, लसूण, सफरचंद, सुमाक हा आंबट लाल मसाला आणि शिरका म्हणजे व्हिनेगर. शेजारी आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी. बाकी सगळं आयत्या वेळी आणता येतं. सब्जेला मात्र वेळ द्यावाच लागतो.

गहू साधारण ७ मार्चला भिजत घाला. मसूर घेणार असाल तर ९-१० तारीख चालेल. मुंबईसारख्या उकाड्यात कोंब भराभर वाढतात, तिथे दोन-तीन दिवस उशिरा सुरुवात करा.

१. पसरट ताटलीसाठी वाटीभर अख्खे गहू निवडून घ्या. फुटका दाणा रुजत नाही, तो कुजतो आणि शेजारच्यांनाही कुजवतो. औषध लावलेलं बियाणं नको.

२. २४ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला.

३. चाळणीत निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवा. एक-दोन दिवसांत पांढरे मोड डोकावतील. ते लांबायच्या आत पुढचं काम उरका, नाहीतर मुळं गुंततात आणि पसरताना तुटतात.

४. ताटलीत दाण्याला दाणा लागेल असा पातळ थर पसरा. वर ओलं फडकं झाका.

५. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हबका मारा. ताटली तिरकी करून पाहा; तळाशी पाणी साचलं तर लगेच ओतून टाका. बहुतेक सब्जे इथेच बिघडतात: आधी आंबूस वास, मग बुरशी. मुळांजवळचा नाजूक पांढरा कापूस मात्र बुरशी नसते, ती केसमुळं असतात. पाणी शिंपडलं की बसतात.

६. हिरवी टोकं दिसताच फडकं काढा आणि ताटली उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको. झाकण फार दिवस राहिलं तर पाती पिवळी, लांबुडकी होऊन आडवी पडतात. घटस्थापनेचं धान पिवळंच शोभतं, सब्जे मात्र हिरवागार हवा.

७. पाती बोटभर उंच झाल्या की मधोमध लाल फीत सैलसर बांधा.

नवरोजपासून तेरा दिवस पाणी चालू ठेवा. तेराव्या दिवशी, सीझदह-बेदरला, घरची मंडळी जेवणाचे डबे घेऊन बाहेर पडतात आणि सब्जे वाहत्या पाण्यात सोडतात. त्याआधी फीत सोडवून घ्या.