धाडसाला परवानगी देताना

दहावीची परीक्षा संपते आणि सोलापुरातल्या एखाद्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी जेवताना सांगून टाकते की आम्हा तिघी मैत्रिणींना सायकलने कन्याकुमारीला जायचे आहे. माझ्या मुलीने असेच सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून आधी ‘नाही’ निघाले आणि कारण मी नंतर शोधू लागले. त्यानंतरच्या आठ महिन्यांत माझे मत असे झाले की अशा मागणीला एका शब्दात उत्तर देऊ नये. परवानगी टप्प्याटप्प्याने द्यावी आणि पुढचा टप्पा मुलांनी आधीच्या टप्प्यावर मिळवावा.

सुरुवात धोके कागदावर मांडण्यापासून करावी, आणि ते मुलांनाच लिहायला सांगावे. ‘बाहेर काहीही होऊ शकते’ या वाक्यातून आपली भीती कळते, धोका कळत नाही. विजापूर रस्त्याचेच पाहा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि त्या उन्हात दिवसभर सायकल चालवणाऱ्याला उष्माघात होऊ शकतो, म्हणून दहावीनंतरची सुट्टी या बेताला सोयीची दिसत असली तरी ती निवडू नये. हिवाळ्यात ऊन सौम्य होते, पण कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू असतो. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे दिवा असेलच असे नाही, आणि रिफ्लेक्टर असला तरी तो अनेकदा लोंबत्या उसाखाली झाकलेला असतो. त्यामुळे आमच्या कागदावर दोन गोष्टी पक्क्या झाल्या : निघायचे ते दिवाळीनंतर, आणि सूर्य मावळण्याच्या तासभर आधी सायकल थांबलेली असली पाहिजे. मुलीने हे वाद न घालता मान्य केले, कारण दोन्ही नियम तिच्याच यादीतून निघाले होते.

यानंतर सरावाच्या फेऱ्या ठरवाव्यात. पहिली फेरी अक्कलकोटला जाऊन त्याच दिवशी परत येण्याची, म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटरची. दुसरी तुळजापूरची, कारण तिथे घाट चढावा लागतो आणि उतरताना ब्रेकची परीक्षा होते. तिसरी विजापूरला मुक्काम करून परतण्याची. शेवटची फेरी सलग तीन दिवसांची असावी. पहिल्या दिवशी उत्साह शरीराला ओढून नेतो, खरा थकवा, चिडचिड आणि आपसांतली भांडणे तिसऱ्या दिवशी दिसतात. फेरीत चूक झाली म्हणून बेत रद्द करू नये, कारण फेरी असते ती चुका सापडण्यासाठीच. ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन सोळाव्या वर्षी एकटीने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघणार होती. 2009 च्या सप्टेंबरमध्ये, मुख्य सफरीच्या आधीच, तिची बोट एका मालवाहू जहाजावर आदळून डोलकाठी मोडली. बोट दुरुस्त करून ती ऑक्टोबरमध्ये निघाली आणि मे 2010 मध्ये सिडनीला सुखरूप परतली.

आमची चूक पंक्चरची होती. भीमेचा टाकळीचा पूल ओलांडल्यावर मागचे चाक बसले. मुलीने व्हिडिओ पाहून पंक्चर काढणे ‘शिकलेले’ होते, पण चेनमधून मागचे चाक सोडवण्यातच तिची वीस मिनिटे गेली आणि टायर परत चढवताना पट्टीखाली चिमटून नवी ट्यूबही फुटली. पुढचे चार रविवार तिने अंगणात घड्याळ लावून तेच चाक काढले आणि बसवले. चौथ्या रविवारी बारा मिनिटे लागली, तेव्हा कागदावरच्या त्या ओळीपुढे तिने स्वतः खूण केली.

थांबवणे आणि पुढे ढकलणे यांतला फरक पालकांनी जपावा. नेदरलँड्सच्या लॉरा डेकरने तेराव्या वर्षी एकटीने जगप्रवासाचा हट्ट धरला, तेव्हा तिथल्या न्यायालयाने 2009 मध्ये तिला बालसंरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले आणि जुलै 2010 मध्ये ती देखरेख उठवली. मधल्या काळात तिने मोठी बोट घेतली, प्रथमोपचार शिकून घेतले आणि अपुऱ्या झोपेत काम करण्याचा सराव केला. जानेवारी 2012 मध्ये, सोळा वर्षांची असताना, तिने प्रदक्षिणा पूर्ण केली. ते एक वर्ष फुकट गेले असे मला वाटत नाही.

काही मागण्यांना मात्र सरळ नकारच द्यावा. अठरा वर्षांखालील मुलाला गिअरची मोटारसायकल देऊन लांबच्या सफरीला पाठवणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि त्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. दोर लावून चढायच्या कड्यांवर प्रशिक्षित माणसाशिवाय जाऊ देऊ नये. नेणाऱ्या संस्थेला दोर किती जुने आहेत आणि जखमी मुलाला खाली कसे आणणार, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर देताना ते गडबडले तर पैसे भरू नयेत.

सफर सुरू झाल्यावर तासातासाला फोन करू नये. आम्ही सकाळी निघताना, दुपारी जेवताना आणि मुक्कामी पोचल्यावर, असे तीनच निरोप ठरवले. निरोप चुकला तर तासभर थांबायचे, मग इतर दोघींना फोन करायचा आणि कोणीच उचलला नाही तर 112 ला कळवायचे, हे आमच्या दारामागे लिहून लावले होते. पहिल्याच दिवशी दुपारचा निरोप पाऊण तास उशिरा आला. तो पाऊण तास मी त्या कागदासमोर बसून काढला आणि फोन केला नाही.

परत फिरण्याची सोयही आधीच करून ठेवावी. तिघींपैकी एकीने ‘पुरे’ म्हटले तरी तिघींनी परतायचे, आणि घरी आल्यावर काका-मामांसह कोणीही टोमणा मारायचा नाही, हे मी नातेवाइकांना आधीच बजावले होते. तीन सायकली टेम्पोत घालून परत येण्याइतके पैसे एका बंद पाकिटात वेगळे ठेवून ते मुलीच्या पिशवीच्या तळाशी शिवले होते. कन्याकुमारीहून परतल्यावर तिने ती शिवण उसवली आणि पाकीट न फोडता माझ्या हातात दिले.